गाईच्या तोंडात कुणी हात घातला

माझ्याकडं येणारा पेशंट मेलेला असतो. लग्नाच्या पंगतीत हे सांगितलं की शेजारची बाई आपलं ताट जरा पलीकडं सरकवते. मी जनावरांची डॉक्टर आहे, पण औषध देणारी नव्हे. मेलेलं जनावर कशानं मेलं ते कापून, काचेवर घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी. त्यातही जनावराला होतात आणि माणसालाही होतात असे रोग हा माझा विषय. फाशी, म्हणजे माणसाला होते ती काळपुळी, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो, म्हशी गाभडवणारा ब्रुसेला, आणि पिसाळणं. हिंगोलीतल्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत केस पांढरे झाले. मी फाटक्या तोंडाची आहे असं माझ्या हाताखालचे लोक म्हणतात, आणि ते काही खोटं बोलत नाहीत.

भीती वाटत नाही का, असं लोक विचारतात. वाटते. पण आज भीतीचं सांगायचं नाही. मी एकदा एक प्रश्न चुकीचा विचारला, त्याचं सांगायचं आहे. त्या प्रश्नापायी एक माणूस गेला, आणि तो माणूस मला माझ्या वडिलांच्या जागी होता.

तो नालबंद होता. बैलांच्या पायांना पत्र्या ठोकणारा. घर औंढ्याच्या बाजूला, पण घरी तो क्वचितच सापडायचा. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. मी त्याला चाचा म्हणायचे. तो मला बाई म्हणायचा, सगळे म्हणतात तसंच, पण त्याच्या तोंडून ते वेगळं वाटायचं.

आमची ओळख माझ्या फजितीतून झाली. माझी पहिली नेमणूक कुरुंद्याकडच्या एका गावातल्या दवाखान्यात होती. नुकतीच पास झालेली, अंगावर नवा कोरा पांढरा कोट. एका बैलाच्या शिंगात कॅन्सर झाला होता आणि शिंग काढायचं होतं. त्यासाठी बैल आडवा पाडायला लागतो. बाईमाणूस बैल पाडणार म्हणून निम्मं गाव पारावर जमलं होतं. पुस्तकात वाचलं होतं तसं मी दोर बांधला आणि ओढला. बैलानं मान झटकली आणि मीच शेणात जाऊन पडले. लोक पोट धरून हसले. मी रडकुंडीला आले होते, पण रडले असते तर दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

गर्दीतून एक काटकुळा माणूस पुढं आला. त्यानं माझ्या हातातून दोर घेतला नाही. नुसता बाजूला उभा राहून हळू आवाजात सांगत राहिला. "शिंगाला गाठ मारा. आता छातीला येक येढा. आता पोटाला येक. आता मागं सरळ ओढा, बाई, झटका नका देऊ." मी ओढलं. तो एवढा थोराड बैल गुडघ्यावर आला आणि दमून बसावं तसा आडवा झाला. चाचा म्हणाला, "बघा, जमलं की," आणि आपल्या पत्र्याच्या पेटीकडं निघून गेला. त्यानं दोर स्वतः घेतला असता तर मी त्या गावात कधीच डॉक्टर झाले नसते, हे मला फार उशिरा कळलं.

नालबंद असला तरी त्याचा खरा हातखंडा दुसराच होता. जनावराच्या घशात काही अडकलं, रताळं, कांदा, आंब्याची कोय, की लोक त्याला बोलवायचे. तो जनावराच्या जबड्यात फडकं गुंडाळलेली लोखंडी कडी बसवायचा आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. डोळे मिटून चाचपायचा. बहुतेक वेळा काढून आणायचा. मी त्याच्यावर कैक वेळा ओरडले. त्याच्या हातावर खूर तासायच्या सुरीचे चरे नेहमीच असायचे, एक भरला की दुसरा. मी म्हणायचे, "चाचा, असल्या हातानं जनावराच्या लाळेत जाऊ नका." तो म्हणायचा, "रबरातून कळत न्हाई, बाई." मी त्याला हातमोज्यांचा डबाच दिला एकदा. पावसाळ्यात बघते तर त्यानं त्यात खिळे भरून ठेवलेले, गंजू नयेत म्हणून. मी कपाळावर हात मारून घेतला. तो हसला.

पुढं मी शिकायला बाहेर गेले, विकृतिशास्त्र घेतलं, आणि हिंगोलीला प्रयोगशाळेत परत आले. चाचा फिरता माणूस. कुठल्या गावात चार बकऱ्या एकाएकी मेल्या, कुठं म्हशी गाभडून राहिल्या, कुणाच्या बोटाला काळी पुळी आली, हे सगळं त्याला आधी कळायचं आणि मग मला. डेपोत उतरायचा, चालत प्रयोगशाळेत यायचा, दाराशी चप्पल काढायचा. चप्पल काढू नका, इथं खाली काय सांडलेलं असेल सांगता येत नाही, असं मी दर वेळी सांगायचे आणि तो दर वेळी काढायचा. माझ्या संशोधनातले कितीतरी नमुने त्याच्या निरोपावरून गोळा झाले. त्यावर छापून आलेल्या निबंधांवर माझं नाव आहे, माझ्या वरिष्ठांचं आहे, ज्यांनी गाडीतून खालीसुद्धा पाय ठेवला नाही त्यांचं आहे. त्याचं नाव नाही. मला ते कधी सुचलंही नाही.

माझे वडील वारले तेव्हा तो आला. ओट्यावर सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसांत मला भेटायला आलेल्या माणसांपैकी मला तेवढाच एक हात आठवतो.

आता त्या गाईचं.

हळदीचे दिवस होते. आमच्याकडं तेव्हा शिवारभर हळद शिजत असते. अंगणात ढीग, ओट्यावर ढीग, माणसाला झोपायला जागा नाही. एके दिवशी सकाळी कुरुंद्याच्या पलीकडच्या एका आखाड्यावरून फोन आला. शेतातच घर करून राहणारं कुटुंब होतं. शेतकरी म्हणाला, "बाई, गाय लाळ गाळून राहिली. चारा गिळंना, पाणी गिळंना. आवाज बसला. घशात हळदीचा गड्डा अडकला असंल. येता का?" मी म्हटलं, माझा नंबर कुणी दिला. तो म्हणाला, "हाय एक जण वळखीचा." गडबडीत मी पुढं विचारलं नाही. जिवंत जनावराला माझा काही उपयोग नसतो, तेव्हा दवाखान्याच्या डॉक्टरला बोलवा असं सांगून मी फोन ठेवला. पण आवाज बसला हे माझ्या डोक्यातून जाईना. घशात गड्डा अडकलेली गाय घाबरते, मान ताणते, पोट फुगतं. तिचा आवाज बसत नाही. मी जीप काढायला सांगितली.

मी पोचले तोवर गाय मेली होती.

घशात गड्डा आहे असं समजायची ही चूक फक्त आमच्याकडंच होऊ शकते. दुसऱ्या कुठल्या मुलखात गाय अशी लाळ गाळायला लागली तर माणसं कुत्र्याचा विचार करतील. इथं त्या दिवसांत अंगण पिवळं असतं, जनावरं ढिगात तोंड घालतात, गड्डा खरोखरच कधीकधी अडकतो. म्हणून सगळ्यांच्या डोक्यात तेच बसतं आणि जो तो गाईच्या तोंडात हात घालतो. दोनेक महिन्यांपूर्वी एक भटकं कुत्रं गोठ्यात शिरून गाईच्या नाकपुडीला चावून गेलं होतं. ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सुनेला आठवलं.

मी मोजे, चष्मा, ॲप्रन चढवला. घसा उघडला. गड्डा नव्हता. सगळ्यांना लांब उभं केलं आणि मेंदू काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी काचेवर बघितलं. मेंदूच्या पेशींत पिसाळण्याची खूण असलेले ते लालसर गोल ठिपके दिसले. ते एकदा बघितले की माणूस विसरत नाही. दुसरा तुकडा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला होता, तिथूनही तेच आलं. पण मी उत्तराची वाट बघत बसले नव्हते. आखाड्यावरून निघण्याआधीच मी कागद काढला होता.

आमच्या कागदावर एक रकाना असतो, घरातील संपर्कात आलेल्या व्यक्ती. मी अंगणात उभी राहून मोठ्यानं विचारलं, "घरातलं कोण कोण गाईजवळ गेलं? कुणी कुणी तोंडात हात घातला?"

शेतकऱ्यानं बोटावर मोजलं. तो स्वतः, हात घातला. थोरला मुलगा, हात घातला. बायको, जबडा धरला. म्हातारी, पदरानं लाळ पुसली. सून, धार काढली. सुनेचं लेकरू, दूध प्यालं. सहा. मी सहा नावं लिहिली आणि म्हटलं, आजच्या आज हिंगोलीला चला. शेतकरी म्हणाला, "कढई चुलीवर हाय, बाई. हळद टाकून कसं येऊ?" मी त्याला असं झापलं की म्हातारी आधी गाडीत जाऊन बसली. "हळद काय पळून जाती? तुझं लेकरू गेलं तर येणार हाय का परत?" असं मी त्याला सर्वांसमोर बोलले. मला त्याचं आजही काही वाटत नाही.

सहाही जणांना सरकारी दवाखान्यात नेलं. पाच सुया असतात, महिनाभरात. प्रत्येक सुईच्या आदल्या दिवशी मी फोन करायचे. म्हातारी सुईला भ्यायची, तिचा हात मी धरायचे. एकही सुई चुकू दिली नाही. चौथ्या सुईनंतर एका बैठकीत मी ही केस मांडली, घरातले सहाच्या सहा सुरक्षित, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी मेलेलीच मोजत आले होते. पहिल्यांदा जिवंत मोजली होती.

पाचव्या सुईच्या दिवशी शेतकऱ्याच्या बायकोनं माझ्या हातात नव्या हळदीचं पुडकं ठेवलं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. ती म्हणाली, "तुमच्यामुळं घर राहिलं, बाई. अन् त्या नालबंदामुळं."

मी विचारलं, कुठला नालबंद.

"औंढ्याकडचा. बाजारात आलता, म्हून ह्यांनी बोलवून आणला. त्यानं कोपरापत्तर हात घातला. लई येळ चाचपलं. मंग म्हनला, गड्डा न्हाई, घसा ढिला पडला, ही गाय बराबर दिसून न्हाई राहिली. ह्यांना गड्डाच वाटून राहिला व्हता, पर बाईला फोन करा म्हनला तो. तुमचा नंबर त्यानंच तर दिला."

मी म्हटलं, "मग मला सांगितलं काहून न्हाई?"

ती गोंधळली. "तुमी घरातल्यांचं इचारलं," ती म्हणाली.

खरंच होतं. मी घरातल्यांचं विचारलं होतं. ती बाई खोटं बोलणारी नव्हती, लपवणारी नव्हती. जे विचारलं त्याचं तिनं अगदी नीट उत्तर दिलं होतं. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडायला दुसरं कुणी सापडलं नाही.

अठ्ठावीस दिवस झाले होते. रोग दिसायला कधी महिना लागतो, कधी तीन, कधी त्याहून जास्त. म्हणजे वेळ असू शकत होता. त्याच पावली मी जीप घेऊन त्याच्या घरी गेले. चाची दारात तांदूळ निवडत होती. चाचा आठ दिवसांपासून बाहेर होता. आता ट्रॅक्टर झाले, बैल कमी झाले, म्हणून तो सेनगावच्याही वर, विदर्भाच्या हद्दीकडं जाऊ लागला होता. तिकडं अजून बैल होते. मी म्हटलं, फोन लावा. ती आत गेली आणि त्याचा फोनच घेऊन आली. नातवाला खेळायला म्हणून तो घरीच ठेवून गेला होता. "काय झालं, बाई?" ती म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, काम आहे. तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

तीन दिवस मी त्याला शोधलं. रजा टाकली आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गेले. पहिल्या ठिकाणी लोक म्हणाले, परवा होता. दुसऱ्या ठिकाणी चहावाला म्हणाला, कालच होता, पण एकाच जोडीला पत्र्या मारल्या आणि बाकीच्यांना परत पाठवलं. मी विचारलं, का. चहावाला म्हणाला, "हात दुखून राहिला म्हनला. सारखा खाजवत व्हता." मी तिथल्या बाकावर बसले. ड्रायव्हरनं पाणी आणून दिलं. मी विद्यार्थ्यांना कितीदा शिकवलं होतं, की विषाणू जिथून शिरतो तिथं आधी मुंग्या येतात, खाज सुटते. आणि ते सुरू झालं की पुढं काय, हेही शिकवलं होतं. पुढं काहीच नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला. बाजाराच्या कडेला, बाभळीखाली. समोर एक बैल पाडलेला, चारी पाय बांधलेले, तीन पायांना पत्र्या ठोकून झालेल्या. चाचा उजवा हात बाभळीच्या खोडावर घासत होता. मला बघून त्याचं तोंड फुललं. "बाई? इथं कुठं?"

मी त्याचा हात बघितला. चरे सगळे भरलेले होते. तो म्हणाला, "चार दिस झाले, मुंग्या आल्यागत होऊन राहिलं. अंगातबी कसर हाय. नस दबली असंल."

मी म्हटलं, "चाचा, ती कुरुंद्याकडची गाय पिसाळलेली होती."

त्यानं हात खोडावरून काढून घेतला. मग म्हणाला, "मला वाटलंच व्हतं. घशात हात गेला तवाच वाटलं. पर तुमी येऊन गेल्याचं मला बाजारात कळलं. म्हटलं, काही असतं तर बाईनं निरोप धाडला असता. तुमचा निरोप न्हाई आला, म्हून मी बिनघोर व्हतो."

मी म्हटलं, अजून वेळ आहे, लगेच चला. हे मी खोटं बोलले. खाज सुटलेल्या माणसाला वेळ नसतो, हे माझ्याइतकं त्या बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो म्हणाला, "येक पाय राहिला. मुक्या जिवाला तीन पायांवर कसं सोडू?" आणि त्यानं पत्री उचलली. दोनदा खिळा वाकडा गेला, त्यानं उपटून पुन्हा मारला. मी हळदीवाल्याला चुलीवरून ओढून नेलं होतं. चाचाला मी थांबवलं नाही. मी बैलाचं डोकं धरून बसले. चौथ्या पायाची पत्री बसली, त्यानं दोर सोडला, बैल उठून उभा राहिला. चाचानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जीपमध्ये येऊन बसला.

त्याच दिवशी सुई दिली, सीरमही दिलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन म्हटलं, मॅडम, तुम्हाला मी काय सांगणार. दुसऱ्या दिवसापासून त्याला पाणी गिळेना. पंखा बंद करायला लागला, कारण वाऱ्यानंही घसा आवळायचा. खिडकीवर चादर लावली. हा रोग मी किती मेंदूंत बघितला असेल, पण तो नेहमी मेल्यानंतरचा. जिवंत माणसात तो कसा असतो ते मी त्या खोलीत पहिल्यांदा बघितलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. गेले नाही, एवढंच.

मधूनमधून तो अगदी नीट शुद्धीवर असायचा. हे या रोगाचं सगळ्यात वाईट. अशाच एका वेळी त्यानं मला विचारलं, "त्या आखाड्यावरच्या लोकांना सुया दिल्या?"

"दिल्या."

"समद्यांना?"

"सगळ्यांना."

"म्हातारीला? अन् ते लेकरू?"

"लेकरू खेळतंय, चाचा."

"बरं झालं," तो म्हणाला.

मी वाट बघत होते. मला काहून न्हाई, हे तो आता विचारेल असं मला वाटत होतं. त्यानं विचारलं नाही. भिंतीकडं बघत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "चाचा, तुमचं विचारायला मी चुकले."

त्यानं मान वळवली. "मी बी सांगाया चुकलो, बाई," तो म्हणाला. "दोघांचं बराबर."

बराबर नव्हतं. त्यानं फक्त विश्वास ठेवला होता. विचारायचं काम माझं होतं. त्याचाच पगार मी घेत होते. मी हे त्याला म्हणायला हवं होतं. त्यानं हाताच्या खुणेनं मला लांब बसायला सांगितलं, आपल्या लाळेपासून लांब. नंतर त्याची शुद्ध गेली ती आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

मातीला आखाड्यावरची माणसं आली होती, शेतकरी आणि त्याचा थोरला मुलगा. लोकांपासून जरा बाजूला उभी होती. शेतकरी लहान लेकरासारखा रडत होता. मला म्हणाला, "बाई, माझ्या तोंडात काय दगड बसला व्हता का त्या दिशी?" मी म्हटलं, तुझी चूक नाही. त्याला ते पटलं नाही.

आता मी गावात गेले की घरातल्यांचं विचारत नाही. दारात कोण कोण येऊन गेलं ते विचारते. केस कापणारा आला का, दूध नेणारा आला का, कुणी झाडपाला देणारा, कुणी व्यापारी, कुणी रस्त्यानं जाता जाता हात लावून गेला का. लोक कंटाळतात. एक जण म्हणाला, बाई पोलिसात होत्या काय. मी त्याला म्हटलं, गप बस आणि आठव. रकान्यावरचा मजकूर बदला म्हणून मी वर तीन पत्रं लिहिली आहेत. तोवर मी माझ्या पेननं 'घरातील' हा शब्द खोडते आणि खाली सही करते.

चाचीलाही सुया घ्याव्या लागल्या, कारण शेवटचे दिवस तीच त्याचं तोंड पुसत होती. मलाही घ्याव्या लागल्या. आमच्या धंद्यात आधीच घेतलेल्या असतात म्हणून मला दोनच पुरल्या. तरी मी पाचही वेळा हिंगोलीच्या दवाखान्यात तिच्याशेजारी बसले. चार वेळा ती चाचाबद्दल अवाक्षर बोलली नाही. शेळी व्यायली, नातवाला शाळेत घातलं, नळाला पाणी येत नाही, असलं बोलत राहिली. मी हो हो म्हणत राहिले. चूक कुणाची होती ते तिला ठाऊक होतं की नाही, मला कळत नव्हतं, आणि मी सांगत नव्हते. इतरांना फाडफाड बोलणारी मी, तिच्यासमोर माझी जीभ उचलत नव्हती.

पाचव्या दिवशी नर्सनं सुई दिली, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि निघून गेली. चाची त्या कापसाकडं बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "हीच सुई त्यांना गाईच्या दिवशीच दिली असती, तर?"

ती माझ्याकडं बघत नव्हती. काही सांगता येत नाही, असं मी म्हणू शकले असते. नशीब, असं म्हणू शकले असते. असं म्हणणारे डॉक्टर मी पुष्कळ बघितले आहेत.

"वाचले असते," मी म्हटलं. "मी विचारलं असतं तर वाचले असते, चाची. मी विचारलं नाही."

तिनं कापूस टाकला. बाही खाली ओढली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि औंढ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.